नळीवरच्या अक्षता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ माननीय विजयकुमारजी, आमच्या शूटिंग क्लबचे मालक, ज्यांना क्लबमध्ये मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच अर्बाब म्हणतात ते आदरणीय अर्बाब, आजचे सत्कारमूर्ती बापू पांचाळ, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती मुक्तावहिनी, आणि शारजापासून मरीनापर्यंतचा ट्रॅफिक पार करून अल मनखूलच्या या हॉलमध्ये वेळेवर पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! जे वेळेवर पोचले नाहीत त्यांनाही माझा नमस्कार. पार्किंग शोधताहेत बिचारे.

मी अनुपमा. आमच्या क्लबमध्ये मी रेंज ऑफिसर आहे. म्हणजे जिथे गोळीबाराचा सराव चालतो, तिथे मागे उभं राहून ओरडणं हे माझं काम. मी 'थांबा' म्हटलं की लाइनवरचे सगळे पुरुष बंदुका खाली ठेवून हात वर करतात. माझे यजमान निखिल समोरच बसलेत, ते म्हणतात, घरीही फारसा फरक नाही. निघताना आमच्या आरवनं मला बजावलंय, 'मम्मा, प्लीज, कीप इट शॉर्ट.' प्रयत्न करते.

तुमच्यापैकी बरेच जण आज मनातल्या मनात हसत आले असणार, हे मला ठाऊक आहे. का नाही हसणार? बापूंचा हा तिसरा निरोप समारंभ. दोनदा हॉल ठरला, दोनदा जेवणाची ऑर्डर गेली, आणि दोन्ही वेळा बापूंनी आयत्या वेळी सांगितलं, 'मी खंय जाणा नाय.' मग या वेळी ते खरंच जाणार का? विजयकुमारजींनी काल मला फोन करून हेच विचारलं. मी म्हटलं, जाणार. ते म्हणाले, कशावरून? तर कशावरून, तेच सांगायला मी उभी आहे.

बापू मूळचे कुडाळजवळचे. तिकडे शेतात रानडुकरं आणि माकडं धुमाकूळ घालतात, म्हणून शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात. त्या बंदुकांची दुरुस्ती बापूंचे वडील करायचे, आजोबाही करायचे. बापू इथे दुबईत आले आणि क्लबच्या मागच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप सुरू झालं. तिथे काय चालतं? तुम्ही बाजारातून रेडीमेड शर्ट आणता आणि शिंप्याकडून बाह्या कमी करून घेता ना? तसंच. कारखान्यातून आलेलं रिव्हॉल्व्हर बापू त्या माणसाच्या हातासाठी पुन्हा घडवतात. मूठ घासतात, घोडा हलका करतात, नेम धरायची माशी बदलतात. परवाना, पोलिसांची परवानगी, सगळं हातात आल्याशिवाय ते वस्तूला बोटही लावत नाहीत. आणि एकदा लावलं की जगातल्या इतर सगळ्या कारागिरांना नावं ठेवत काम करतात! बापू, मान हलवू नका, खरं आहे ते. मागे एका नामांकित परदेशी कारागिराचं काम बघून तुम्ही म्हणाला होतात, 'ह्या माणसान आयुष्यात फक्त नळाचे पाइप बसवल्यान आसतीत.'

असा माणूस कोणाला शिकवेल का? शक्यच नाही. त्यांच्या टेबलावरची कानस कोणी उचललेली त्यांना खपायची नाही. अर्बाबनी मदतीला माणसं दिली, ती कंटाळून निघून गेली. शेवटी अर्बाबनी स्पष्टच सांगितलं, बापू, तुम्ही गेलात की वर्कशॉप खलास, मी खोलीला कुलूप लावणार. आणि तिथेच गाडी अडकली. बापूंना गावी जायचंय, मुक्तावहिनींना तर कधीपासून जायचंय, कुडाळला घर बांधून तयार आहे. पण कुलूप लागणार म्हटल्यावर बापूंचा पाय निघेना. कोणाला शिकवायचं नाही आणि सोडायचंही नाही! मुक्तावहिनींनी हे कसं सोसलं, त्यांचं त्यांना माहीत.

आता व्यासपीठावर अर्बाबच्या शेजारी बसून, मी काय बोलते ते त्यांना अरबीत समजावून सांगणाऱ्या बाईंकडे बघा. ही नबिला. माझ्याविषयी काय सांगते आहे देव जाणे, पण अर्बाब हसताहेत, तेव्हा ठीकच असेल. नबिलाचे वडील आमच्या क्लबचे जुने सभासद. त्यांच्याकडे चव्वेचाळीस कॅलिबरचं एक भारी रिव्हॉल्व्हर होतं. बापूंनी ते त्यांच्यासाठी वर्षभर खपून तयार केलेलं. नळीला अशी निळसर झिलई, की बघत राहावं. वडील दर वर्षी त्याच रिव्हॉल्व्हरनं क्लबची स्पर्धा खेळायचे. ते वारले आणि रीतसर कागदपत्रं होऊन रिव्हॉल्व्हर नबिलाच्या नावावर झालं.

नबिला म्हणाली, अब्बांची जागा मी रिकामी ठेवणार नाही, स्पर्धा मी खेळणार. पण तिच्या मनगटाला पूर्वी मार लागलेला, आत प्लेट बसवलेली. आणि या मोठ्या कॅलिबरचा धक्का म्हणजे थट्टा नव्हे. गोळी सुटली की नळीचं तोंड उसळून वर जातं आणि मनगट मागे मुरगळतं. मी मागे उभी राहून बघत होते. दोन गोळ्या झाल्या की बिचारी ओठ चावायची.

यावर उपाय आहे. त्याला पोर्टिंग म्हणतात. नळीच्या तोंडाजवळ वरच्या बाजूला भोकं पाडायची. बारूद पेटल्यावर जो वायू गोळीमागून सुटतो, तो त्या भोकांतून वर उडतो आणि नळीला खाली दाबतो. कुकरची शिटी कशी वाफ वर सोडते, तसंच समजा. मग धक्का बसतो, पण नळी उसळत नाही. अर्थात फुकट काही मिळत नाही. आवाज वाढतो, काजळी धरते, आणि शेजारच्या लाइनवरचा माणूस माझ्याकडे येऊन भांडतो.

नबिला बापूंकडे गेली. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाही. का नाही? त्यांचं उत्तर मी तिथेच उभी राहून ऐकलंय. 'भोक पाडूचा सोपा. बुजवूचा कोणी?' त्यांच्या हातची सगळ्यात सुंदर नळी, वारलेल्या मित्राची आठवण, तिला भोकं पाडायची? ते तिला म्हणाले, बेटी, काचेच्या पेटीत लावून ठेव. नबिलानं काय उत्तर दिलं सांगू? आपल्यासारखीच हिंदी बोलते ती, लहानपणापासून. म्हणाली, 'बापू, अब्बा को दीवार पे टांगना नहीं है मुझे. चलाना है.'

कितीतरी आठवडे हे चाललं. ती यायची, बापू चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. चहाला कधी नाही म्हणाले नाहीत, हे त्यांचं कौतुक. एक दिवस ती आली, तर मनगटाला पट्टा बांधलेला. सराव करून करून सुजवून घेतलं होतं. बापूंनी त्या पट्ट्याकडे बघितलं, रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग तीन-चार दिवस ते दार बंदच. काम पुरं झालं तेव्हा मी बघायला गेले. माशीच्या दोन्ही बाजूंना भोकांच्या दोन ओळी, इतक्या एकसारख्या की मूळचीच वाटावी नळी. आणि बापूंचे डोळे लाल. बापू, मी तेव्हा काही विचारलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हणते, ते काम करायला तुम्हाला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी आणि दसऱ्याच्या सकाळी स्पर्धा. बापूंच्या वर्कशॉपमधली खंडेनवमी ज्यांनी बघितली नाही त्यांनी काय बघितलं? टेबलावर लाल कपडा, त्यावर कानशी, ड्रिल, हातोड्या, गेज, सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली, झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत एकही हत्यार उचलायचं नाही. अर्बाब स्वतः आले तरी नाही. खोलीत दुरुस्तीला आलेल्या बंदुकाही पूजेला बसतात. गिऱ्हाइकाची वस्तू मात्र आरती झाली की मोकळी, ती अडवून ठेवायची नाही, हा बापूंचा नियम. तर त्या ओळीत नबिलाचं रिव्हॉल्व्हरही होतं.

आरती झाली. संध्याकाळी नबिला आली. रिव्हॉल्व्हर घेतलं, बापूंच्या पाया पडायला वाकली, बापूंनी 'यल्ला, यल्ला, चला' करून तिला लाइनवर आणलं. आता माझी पाळी. कोणाचंही हत्यार असो, लाइनवर येण्याआधी मी नळीतून टॉर्च मारून बघते. बापूंच्या हातून आलेलं असेल तरी बघते. बघितलं. आणि म्हटलं, 'थांबा.'

बापू उखडले. 'माझ्या हातची वस्तू तू थांबयतंस, मास्तरणी?' मला ते मास्तरीणच म्हणतात. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळा लावला. मग टॉर्च दुसऱ्या बाजूनं मारला. मग हळूच खाली ठेवला.

नळीत तांदूळ होते! कुंकवात भिजवलेल्या अक्षता, भोकांतून आत पडून चिकटून बसलेल्या. आता हे झालं कसं? बापू जन्मभर बंदुकांवर अक्षता वाहत आले. नळीच्या वरच, चिमूटभर. कधी एक दाणा आत गेला नाही, कारण आत जायला वाट कुठे होती? वाट त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी केली, आणि हात सवयीनं तिथेच गेला. 'चार दाण्यांनी काय होतं?' असं म्हणू नका. नळीत गोळीखेरीज दुसरं काहीही नको, याला आमच्याकडे अपवाद नाही.

बापू तिथेच बाकावर बसले. मी त्यांना इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, 'खलास. माझा संपला. उद्या अर्बाबाक सांगतंय, लाव कुलूप.' मी म्हटलं, अहो बापू, एवढं काय झालं, साफ करून टाका. ते म्हणाले, कशानं? हत्यारं पूजेत आहेत. मी म्हटलं, देवाला सांगा, अडचण आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प झाले. आणि मी कोणासमोर गप्प होते ते निखिलना विचारा.

तेव्हा नबिला म्हणाली, 'बापू, हथियार आपके पूजा में हैं. मेरे थोड़ी हैं.' गाडीतून तिनं वडिलांची सफाईची पेटी आणली. वडिलांचे ब्रश, वडिलांची तेलाची बाटली. म्हणाली, मी करते, तुम्ही नुसतं सांगा.

मंडळी, ज्या माणसानं कोणाला कानस उचलू दिली नाही, तो त्या संध्याकाळी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. हो, हातांवर बसले होते बापू! नाहीतर हात आपोआप पुढे गेले असते. आणि तोंडानं चालू, 'हळू, हबीबी, हळू. आगो तशी नको. कापसाचो बोळो फिरव, प्रत्येक भोकाच्या कडेवरसून फिरव. कापूस अडकता? नाय? मग काम साफ आसा.' मालवणी, हिंदी, अरबी, सगळ्याची मिसळ. कापसाचे बोळे कुंकवानं लाल होऊन निघत होते. तिनं एकेक दाणा काढून मला दाखवला. मी पुन्हा टॉर्च मारला, नळी लख्ख होती. मग ती लाइनवर उभी राहिली, पहिली गोळी झाडली, आणि नळी जागची फारशी हललीच नाही. दुसरी झाडली. मग मागे वळून तिनं मनगट हलवून दाखवलं आणि लहान मुलीसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी ती स्पर्धा जिंकली का? नाही हो. बऱ्यापैकी मागे राहिली. पण शेवटच्या गोळीपर्यंत उभी राहिली, वडिलांच्या जागेवर. मला तेवढं पुरे होतं, तिलाही.

पुढच्याच आठवड्यात ती बापूंकडे आली. 'मुझे सिखाओ.' बापू म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही हे. तेव्हा मी तिथे होते आणि मी काय बोलले ते या सभेत सांगण्यासारखं नाही. पण माझ्या बोलण्यानं काही झालं नाही. झालं ते मुक्तावहिनींमुळे. त्यांनी मला नंतर सांगितलं. घरी बापू नबिलाला नावं ठेवत चहा ओतत होते, आणि चहा कपाऐवजी बशीत चालला होता. वहिनी शांतपणे म्हणाल्या, 'तुमका दिसणा नाय, तां माका दिसता.' बापूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते कोणाला कळू देत नव्हते. वहिनींना पहिल्यापासून कळलं होतं. संसार म्हणतात तो यालाच, नाही का?

बापूंनी नबिलाला शिकवायला घेतलं. पण कसं? सुरुवातीला कित्येक महिने नुसती कानस. एकच लोखंडाचा तुकडा, तो सपाट कर. झाला? पुन्हा कर. ती रडली, भांडली, एकदा तर 'मा सलामा' म्हणून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आधी हजर झाली. अर्बाब कुतूहलानं येऊन बघून जायचे. आम्हाला वाटलं, आता बापू जातील. आम्ही हॉल ठरवला. बापू म्हणाले, अजून तिचा हात बसला नाही. पुन्हा ठरवला. अजून नाही. मी चिडले. म्हटलं, बापू, तिचं काम तर तुमच्यासारखं झालंय, आता आणखी काय हवंय? ते म्हणाले, 'काम जमता गो. पण.' आणि कानस उचलून कामाला लागले.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. एक भारी कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर पोर्टिंगला आलं होतं. बापूंनी जाहीर केलं, हे काम मी स्वतः करणार, कोणी मधे यायचं नाही. नळी शिकंज्यात पकडली, खुणा केल्या, चष्मा सरसावला, मशीन चालू केलं. मी दारात उभी. नबिला बाजूला. ड्रिल नळीला टेकणार, इतक्यात नबिला म्हणाली, 'बापू, थांबा.' मराठीत म्हणाली. बापू ओरडले, 'मधे बोला नको!' तिनं हात पुढे करून मशीन बंद केलं. बापूंच्या टेबलावर, बापूंचं मशीन! तिनं गेज लावून दाखवलं. खूण मध्यावरून सरकली होती. भोकं एका अंगाला पडली असती, वायू तिरका सुटला असता आणि रिव्हॉल्व्हर दर गोळीला हातात पिळलं असतं. एक महागडी नळी कायमची वाया गेली असती, आणि बापूंच्या हातून.

बापूंनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात धुतले आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. नबिलाचा जीव खालीवर. मला म्हणाली, मी त्यांचा अपमान केला. मलाही तसंच वाटलं. मी मनात म्हटलं, झालं, आता गेलं सगळं.

आणि बापूंचा फोन आला. 'मास्तरणी, तिकिटां काढूक सांग. दोघांची. परतीची नको.'

मी म्हटलं, बापू, इतके रागावलात? पोरीचं चुकलं असेल तर...

ते म्हणाले, 'राग कसलो? ती माझ्या भियान गप रवता की काय, तेचीच माका भीती होती. काम काय, कोणाकय शिकवून येता. माझो हात आजपर्यंत कोणी धरूक नाय. तिना धरल्यान. आता मी घराक जावक मोकळो.'

मी फोन ठेवला आणि रेंजवर सगळ्यांसमोर रडले. ज्यांना मी जन्मभर दरडावलं ते सगळे घाबरून बंदुका खाली ठेवून उभे राहिले.

अध्यक्षमहाराज, कशावरून जाणार ते सांगून झालं. कुडाळला गेल्यावर आधी डोळ्यांचं ऑपरेशन, तारीख वहिनींनी घेऊन ठेवली आहे. अर्बाबनी काल खोलीची किल्ली नबिलाकडे दिली आणि इन्शाल्ला ती खोली पुष्कळ वर्षं उघडी राहील.

अर्बाब, तुमचे आभार, तुम्ही कुलूप लावलं नाहीत. विजयकुमारजी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांचे आभार, दोनदा फसूनही तिसऱ्यांदा हॉल धरल्याबद्दल. मुक्तावहिनी, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही, नंतर गळ्यात पडेन. माझा आवाज लाइनवर ओरडून कडक झालेला आहे. बोलताना कोणाला टोचलं असेल, मान्यवरांची नावं पुढेमागे झाली असतील, बापूंचं एखादं गुपित उघडं पडलं असेल, तर बहीण म्हणून पोटात घाला.

आता बापूंना शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते द्यायचं ठरलं होतं. पण बापूंनी आत्ताच मला खुणावलं आहे की ते नबिलाच्या हातून घेणार. नबिला, ये, पुढे ये. बापू, तुम्ही उठू नका. या वेळी वाकायची पाळी तुमची आहे असं तुम्ही मघाशी माझ्या कानात म्हणालात खरं, पण ती ते चालू देणार नाही. तिनं एकदा 'थांबा' म्हटलं की तुम्हाला थांबावं लागतं.